किलोमागे चाळीस ग्रॅम

न्यायाला देश नसतो, सीमा नसते, वजन नसतं. तो माणसाच्या मनात असतो आणि माणूस जाईल तिथे त्याच्याबरोबर जातो. निरीक्षकबाईंच्या न्यायाचं वजन मात्र बरोबर एक किलो होतं, आणि तो चेक-इनच्या बॅगेतून, यजमानांच्या लोकरी मोज्यात गुंडाळून गेला.

बाई वजनमापे खात्यात बावीस वर्षं निरीक्षक होत्या. यजमानांना परदेशातल्या एका बंदरावर क्रेनच्या देखभालीचं काम मिळालं, तेव्हा बाईंनी दोन वर्षांची बिनपगारी रजा टाकली. निरोपाला खात्याने शाल दिली, नारळ दिला, आणि भिंतीवरच्या घड्याळाऐवजी पितळेचं एक किलोचं वजन दिलं. मखमली डबीत, प्रयोगशाळेच्या दाखल्यासकट. भाषणात साहेब म्हणाले की बाईंचा दरारा असा, त्या मंडईच्या एका टोकाला दिसल्या की दुसऱ्या टोकाला काटे पुसले जातात. साहेबांच्या भाषणातली एवढी एकच गोष्ट खरी होती.

विमानतळावर बॅग तेवीस किलो दोनशे भरली. घरी ती बावीस किलो नऊशे साठ होती. बाईंनी काउंटरवरच्या मुलीला, या काट्याची शेवटची पडताळणी कधी झाली आणि शिक्का कुठल्या बाजूला आहे, असं शांतपणे विचारलं. मागची रांग चुळबुळायला लागली. यजमानांनी बॅग उघडली, आतला स्वेटर काढून अंगात चढवला आणि विषय मिटवला. विषय मिटवणं हा यजमानांचा स्वभावच होता. लग्नाला चोवीस वर्षं झाली ती त्याच्याच जोरावर, असं ते स्वतः म्हणत. बाई त्यावर काही म्हणत नसत. त्या स्वेटरला पुढच्या शहरात कधी काम पडलं नाही.

कारण शहर उष्ण होतं, आणि दमट, आणि उंच. इमारत एकवीस मजली, यांचा फ्लॅट चौदाव्यावर. पहिल्या महिन्यात बाईंना कळलं की इथे बरणीतल्या मिठाचा दगड होतो, चामड्याच्या चपलेवर आठवड्यात हिरवी लव चढते, म्हणून कपाटात बल्ब पेटता ठेवायचा असतो. दुपारी तीनला आभाळ फाटल्यासारखा पाऊस यायचा आणि चारला, आपण त्या गावचेच नाही अशा चेहऱ्याने, ऊन पडायचं. धुतलेले टॉवेल वाळत नसत, नुसते विचार करत लटकत. बाईंनी मिठात तांदळाचे दाणे घातले, चपलांना व्हिनेगर लावलं, कपाटात बल्ब लावला. लेक मायदेशी होस्टेलवर होती. तिने फोनवर विचारलं, रुळलीस का गं आई. बाई म्हणाल्या, चपला रुळल्यात, त्यांना पालवी फुटलीय.

राहता राहिलं ओळखपत्र. त्यावर फोटोखाली ‘अवलंबित’ असा शब्द छापलेला होता आणि मागच्या बाजूला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, धारकाला कोणतंही काम, पगारी वा बिनपगारी, करता येणार नाही, असं होतं. बाईंनी ते भिंग घेऊन वाचलं. ‘बिनपगारी’वर जरा वेळ थांबल्या. मग उठून यजमानांचे सहा शर्ट इस्त्रीला घेतले.

इमारतीच्या तळमजल्यावर एक फळांचं दुकान होतं. ते चालवणाऱ्या मालकीणबाई साठीच्या, ठेंगण्या, केसांत कायम एक पेन्सिल खोचलेली. निरीक्षकबाईंच्या फ्लॅटच्या मालकीणही त्याच. या इमारतीत त्यांचे असे आणखी पाच फ्लॅट होते, पण बसत त्या दुकानातच, मोडक्या पाठीच्या खुर्चीवर. दुकान नावाजलेलं होतं. चार गल्ल्यांपलीकडून लोक पिशव्या घेऊन येत. मालकीणबाईंचा हात मोठा आहे, असं सगळे म्हणत. हिच्याकडचा एक किलो घरी दोन दिवस जास्त पुरतो.

निरीक्षकबाईंनी पहिल्यांदा पपई आणली, तेव्हा हातात घेतल्याबरोबर त्यांच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्यांदा पेरू आणले, आठी पडली. बावीस वर्षांत त्यांच्या तळहाताला एक खोड लागली होती, वस्तू घेतली की तिच्याशी हुज्जत घालायची. तिसऱ्या वेळी, एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता, त्यांनी मोज्यातून डबी काढली आणि खाली गेल्या.

दुकानात गर्दी नव्हती. बाईंनी दोन केळी निवडल्यासारखं केलं आणि रुमालात धरलेलं पितळी वजन अलगद काट्याच्या थाळीत ठेवलं. काट्याने नऊशे साठ दाखवलं. बाईंनी वजन एका कोपऱ्यात सरकवलं, मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. नऊशे साठ, नऊशे साठ, नऊशे साठ, नऊशे साठ. काटा चुकीचा होता, पण चूक मोठी शिस्तीची होती.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढे इमारतीतल्या कुणालाच ती समजून घ्यायची नव्हती. काटा एक किलोला नऊशे साठ दाखवत होता. म्हणजे तो कमी दाखवत होता. त्याने एक किलो दाखवावं म्हणून मालकीणबाई थाळीत जे टाकत, ते खरं तर एक किलो चाळीस ग्रॅमच्या वर असे. म्हणजे लुबाडली जात होती ती दुकानदारीण. गिऱ्हाईक मजेत होतं.

बाईंना त्याने काही फरक पडला नाही. त्यांच्या खात्यात चूक कुणाच्या बाजूने आहे हा प्रश्न शेवटी येतो. चूक आहे का, हा पहिला. त्यांनी मालकीणबाईंना सांगितलं की तुमचा काटा चुकतो. इमारतीत सगळे एकमेकांशी कामापुरतं इंग्रजी बोलत. त्यात माफी मागायला शब्द भरपूर होते आणि समजावून सांगायला अगदी थोडे. मालकीणबाईंनी ऐकलं ते एवढंच, की चौदाव्या मजल्यावरची नवी भाडेकरीण आपल्याला लबाड म्हणते आहे. त्या खुर्चीवरून उठल्या. हा काटा त्यांच्या गेलेल्या नवऱ्याने घेतलेला होता, त्या म्हणाल्या, आणि तो माणूस आयुष्यात एकदाही खोटं बोलला नव्हता. निरीक्षकबाई म्हणाल्या की प्रश्न तुमच्या यजमानांचा नाही, काट्याचा आहे, आणि नुकसान तर तुमचंच होतंय. यावर मालकीणबाईंनी केसांतली पेन्सिल काढली आणि तिच्या टोकाने दार दाखवलं.

संध्याकाळी यजमान बंदरावरून आले, घामाने भिजून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. समजुतीने घ्यायचं म्हणून आधी दोन घोट पाणी प्यायले.

“म्हणजे आपल्याला जास्त मिळतंय,” ते म्हणाले.

“हो.”

“आणि तक्रार आपली.”

“हो.”

“अगं, मी दिवसभर चाळीस चाळीस टनांचे कंटेनर उचलतो. तू चाळीस ग्रॅम घेऊन बसलीस.”

“तुमच्या क्रेनने चाळीस टनांना साडेअडतीस दाखवले तर?”

तसं एकदा झालं होतं आणि यजमान दहा दिवस झोपले नव्हते. पण त्यांनी वेगळीच आठवण करून दिली. भाडेकरार या महिनाअखेरीला संपतो आहे, बंदर इथून चालत बारा मिनिटांवर आहे, आणि करारावर सही करणारी बाई ती हीच.

प्रकरण तिथेच विझलंही असतं. पण इमारतीचा फोनवरचा एक गट होता, आणि त्यात बातमी शुक्रवारपर्यंत पिकली. पहिल्या दिवशी चौकशी होती, दुसऱ्या दिवशी संताप. एकशे दहा घरांनी एका दमात शोध लावला की काटा आपल्या बाजूने चुकतो आहे, आणि त्याच दमात ठरवलं की तो चुकत नाही. रहिवासी समितीचे अध्यक्ष विसाव्या मजल्यावरचे निवृत्त दंतवैद्य होते. बाई त्यांना घरात दातवाले म्हणत. दातवाल्यांनी रविवारी सभा बोलावली. अजेंड्यावर लिफ्टमधला पंखा आणि काटा असे दोन विषय होते. पंख्यावर एकमत झालं नाही. काटा बरोबर आहे, असा ठराव मात्र एकमताने झाला. बाजूने अठ्ठ्याहत्तर, विरुद्ध कुणी नाही, कारण निरीक्षकबाई भाडेकरू होत्या आणि भाडेकरूंना मत नव्हतं.

ठरावाची प्रत घेऊन दातवाले स्वतः चौदाव्यावर आले. खुर्चीच्या टोकावर बसले, चहा नको म्हणाले, पपईची फोड घेतली. पेशंटला भूल देताना बोलावं तशा आवाजात त्यांनी सांगितलं की इथे लोक मिळून मिसळून राहतात. कुणाचं काही बिघडत नसेल तर कशाला बोलायचं. नव्या माणसाला पहिले सहा महिने जड जातात, पुढे सवय होते.

बाईंनी ठराव वाचला. त्या म्हणाल्या, “मतांनी वजन ठरत असेल तर मला आठ किलो कमी करून द्या.”

दातवाले हसले नाहीत. जाताना ते दारात थांबून म्हणाले की मालकीणबाईंना फार लागलं आहे. दुकानात चार माणसांदेखत तुम्ही सॉरी म्हणालात तर नवा करार होईल, नाहीतर त्यांचा भाचा फ्लॅटसाठी केव्हाचा थांबलेला आहे. हे त्यांनी धमकी म्हणून सांगितलं नाही. रूट कॅनल करावं लागेल हे डॉक्टर जसं सांगतो, तसं सांगितलं.

सोमवारी कंपनीच्या कल्याण अधिकाऱ्यांनी यजमानांना बोलावून घेतलं. कल्याण अधिकाऱ्यांकडे निनावी पत्र आलं होतं की तुमच्या कर्मचाऱ्याची अवलंबित पत्नी इमारतीत निरीक्षकाचं काम करते. अवलंबित व्यक्तीला काम करायची बंदी आहे, ओळखपत्र रद्द होऊ शकतं. तरी खुलासा द्यावा. यजमानांनी तो कागद घरी आणून टेबलावर ठेवला आणि पंख्याखाली डोळे मिटून बसले. बाईंनी खुलासा लगेच लिहिला, उभ्यानेच. मी काम केलेलं नाही, त्यांनी लिहिलं, मी फक्त पाहिलं. पाहण्यासाठी परवाना लागतो असं आपल्या नियमांत कुठे दिसलं नाही, असल्यास कलम कळवावं.

“हे असं नाही पाठवायचं,” यजमान म्हणाले.

“का? खोटं आहे?”

“खरं आहे म्हणूनच.” ते सावरून बसले. “अगं, एक सॉरी. तोंडातून बाहेर पडायला दोन सेकंद. मी रोज बंदरावर वीस वेळा म्हणतो. धक्का लागला सॉरी, नाही लागला तरी सॉरी.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती; मंडईत कधी लागली नव्हती.

“अहो, मला आयुष्यात एकच गोष्ट येते, आणि तिला इथे बंदी आहे. ठीक आहे. कपाटात बल्ब लावते, मिठात तांदूळ घालते, त्या कार्डावर लिहिलंय तशी राहते. पण चुकीच्या काट्यापुढे उभं राहून बरोबर म्हणायला लावू नका. एकदा म्हटलं की मग मी खरंच तेवढीच उरेन, कार्डावर लिहिलंय तेवढी.”

यजमानांनी पेन उचललं. मग त्यांनी खुलाशावर तारीख घातली, कारण बाई ती विसरल्या होत्या. दुसऱ्या दिवशीपासून ते बंदरावरून येताना रिकामी खोकी आणायला लागले. रोज दोन. सामान बांधायला लागतील म्हणून. एकाही खोक्याबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत, नुसती दारामागे रचत गेले.

महिना संपायला सहा दिवस उरले तेव्हा बाईंनी शहराच्या वजनमापे कार्यालयाचा पत्ता शोधून काढला. दोन बस बदलून गेल्या. आत इतका गारठा होता की खिडकीवरची कारकूनबाई स्वेटर घालून बसली होती. बाईंना तिथला वास ओळखीचा वाटला. तेल, फ्लॅनेल आणि फायलींचा. त्यांनी तक्रारीचा फॉर्म भरला. व्यवसायाच्या रकान्यापाशी आल्यावर पर्समधलं कार्ड आठवलं. तरी लिहिलं, ‘वजनमापे निरीक्षक’, आणि पुढे कंसात, ‘रजेवर’. ‘तक्रारदाराचं झालेलं नुकसान’ या रकान्यात लिहिलं, ‘नाही. फायदा झाला.’

कारकूनबाईने फॉर्म परत केला. नुकसान नसेल तर तक्रार होत नाही, ती म्हणाली. असा फॉर्मच नाही. बाई म्हणाल्या, मग मी बसते. आणि बसल्या. साडेअकरापासून दीडपर्यंत त्या खिडकीसमोरच्या बाकावर ताठ बसून होत्या, मांडीवर पर्स, पर्समध्ये एक किलो. कारकूनबाईने मधे डबा खाल्ला, आणि खाताना दर घासाला बाईंकडे बघावं लागल्यामुळे तिला तो गोड लागला नसावा. शेवटी तिने आतून कुणाला तरी बोलावलं.

बाहेर आला तो पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस. त्याच्या शर्टच्या खिशातून पिवळ्या फ्लॅनेलचा तुकडा डोकावत होता. बाईंनी तो तुकडा पाहिला आणि उठून उभ्या राहिल्या. वजन पुसायचं फडकं असं खिशात ठेवणारा माणूस जगात कुठेही एकाच खात्यात असतो. त्याने फॉर्म वाचला. व्यवसायाच्या रकान्यावर जरा थांबला, ओळखपत्र पाहिलं, पुन्हा रकाना पाहिला. त्याबद्दल काही विचारलं नाही.

“किती?” त्याने विचारलं.

“किलोला चाळीस कमी.”

“कोपरे?”

“चारही तपासले. सारखे.”

“पातळी?”

“पाण्याचा बुडबुडा मधोमध होता.”

त्याने मान हलवली. नुकसान कुणाचं, हे त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, दुकानदारिणीचं. मग तिने तक्रार का केली नाही? केली आहे, बाई म्हणाल्या, माझ्याविरुद्ध. तो माणूस पहिल्यांदा किंचित हसला. त्याने कारकूनबाईकडून पेन मागून घेतलं, नुकसानीच्या रकान्यातलं बाईंचं वाक्य खोडलं आणि आपल्या लिपीत एक शब्द लिहिला. काय लिहिलंत, असं बाईंनी विचारलं.

“किलोचं,” तो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी दहाला तो आला, दोन लाकडी पेट्या घेऊन. गटावर बातमी साडेनऊलाच पोचली होती, त्यामुळे दुकानात फळांपेक्षा माणसं जास्त होती. मालकीणबाई खुर्चीत, हाताची घडी घालून. दातवाले सगळ्यांत पुढे, हातात फोन धरून. ते चित्रीकरण करत होते, कशाचं ते त्यांचं त्यांना माहीत. यजमान अर्ध्या दिवसाची रजा काढून आले होते आणि कलिंगडांच्या ढिगाआड उभे होते. निरीक्षकबाई हात मागे बांधून बाजूला उभ्या राहिल्या. पाहण्याला परवाना लागत नाही.

तिथल्या निरीक्षकाने काटा सरळ केला, थाळी पुसली, पेटी उघडली. एक किलोचं ठेवलं. नऊशे साठ. वजन कोपऱ्यांत फिरवलं. आकडा हलला नाही. मग त्याला खाली वाकून काट्याच्या बुडाचा नंबर वाचायचा होता, तेव्हा त्याने एक हात काट्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने, वर न बघता, दोन किलोचं वजन बाईंच्या दिशेने पुढे केलं. त्याच्या खात्यात शेजारी उभा असलेला माणूस ते घेतोच. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं.

बाईंनी त्या हाताकडे पाहिलं. दातवाल्यांनी फोन जरा वर धरला. कलिंगडांआडून यजमानांनी मान हलवली, नको, नको. कल्याण अधिकाऱ्यांचा कागद सगळ्या दुकानाला पाठ होता.

बाईंनी ओढणीचं टोक पुढे घेतलं, त्यात वजन धरलं, कारण उघड्या बोटांनी वजनाला हात लावणाऱ्या माणसाला त्या खात्यात जागा नसते, आणि ते थाळीच्या बरोबर मध्यावर ठेवलं. मग दातवाल्यांच्या फोनकडे वळून म्हणाल्या, “आलं का नीट? नसेल तर पुन्हा ठेवते.”

काट्याने एक किलो नऊशे वीस दाखवलं.

निरीक्षकाने कागद भरला, तार ओढली, काट्याला शिशाचं सील ठोकलं आणि दुरुस्तीला न्यायला बांधून घेतला. मालकीणबाईंना त्याने त्यांच्या भाषेत, सावकाश, सगळं सांगितलं. निरीक्षकबाईंनी तीन आठवडे कामापुरत्या इंग्रजीत जे सांगायचा प्रयत्न केला, ते त्याला दीड मिनिट लागलं. मालकीणबाईंच्या हाताची घडी सुटली. त्यांनी निरीक्षकबाईंकडे पाहिलं नाही. त्यांनी गिऱ्हाइकांकडे पाहिलं, एकेकाकडे, पुढून मागे.

“तुम्हाला माहीत होतं,” त्या म्हणाल्या.

कुणी पेरू दाबून बघायला लागलं, कुणी छताकडे. दातवाले म्हणाले की तसं नाही, आम्ही तर तुमच्या बाजूने ठराव केला. अठ्ठ्याहत्तर मतांनी. म्हणाले आणि आपण काय बोललो ते त्यांच्याच लक्षात आलं. त्यांच्या दुसऱ्या हातात पिशवी होती. ती त्यांनी सावकाश पाठीमागे नेली.

मालकीणबाईंनी पेन्सिल काढली, काही न बोलता सगळ्यांना दार दाखवलं आणि शटर अर्धं खाली ओढलं.

त्याच संध्याकाळी चौदाव्या मजल्यावर दाराखालून एक पाकीट आलं. दोन वर्षांचा नवा करार, अटी जुन्याच, माफीचा उल्लेख नाही. शेवटी हाताने वाढवलेलं एक कलम होतं, भाडेकरूने तळमजल्यावरच्या दुकानात स्वतःची वजनं आणू नयेत. यजमानांनी सही करून टाकली आणि पेन बाईंच्या हातात दिलं. बाईंनी कलम दोनदा वाचलं, त्याच्या पुढे लिहिलं, ‘दुकानाच्या काट्यावर चालू वर्षाचा शिक्का असेपर्यंत’, आणि मग सही केली. पाकीट खाली गेलं आणि अर्ध्या तासात परत आलं. वाढवलेल्या ओळीखाली पेन्सिलीने आद्याक्षरं होती. यजमानांनी दारामागची खोकी एकात एक घातली आणि गच्चीवर नेऊन ठेवली. फेकली मात्र नाहीत. चोवीस वर्षांचा अनुभव होता.

कल्याण अधिकाऱ्यांनी कलम कळवलं नाही. दातवाल्यांचं चित्रीकरण गटावर आलं नाही. लिफ्टमध्ये मात्र इमारत बाईंशी बोलेनाशी झाली. बाई आत आल्या की लोक आपापल्या मजल्याच्या बटणाकडे इतक्या एकाग्रतेने बघत, की जणू ते बटण आत्ताच शोधून काढलंय. बाई मधोमध उभ्या राहत. तेरा माणसं, नऊशे किलो, अशी पाटी होती; ती त्या रोज वाचत आणि आतली माणसं मोजत.

लेकीने फोनवर सगळं ऐकलं आणि विचारलं की आई, इतकं करून तुला मिळालं काय. बाई म्हणाल्या की काही मिळावं म्हणून केलंच नव्हतं. आता मिळेल ते बरोबर मिळेल.

दहा दिवसांनी काटा परत आल्याचं कळलं. बाई सकाळी अकराच्या ठोक्याला पिशवी घेऊन खाली गेल्या. वजन वर, डबीत, करारानुसार. मालकीणबाई खुर्चीत होत्या. त्यांनी मान हलवली, बाईंनी हलवली. महिन्याभरानंतरचा एवढाच व्यवहार, पण चोख. बाईंनी एक पपई उचलली. हाताला ती पपईएवढीच जड लागली. त्यांनी ती पुढे केली आणि काटा शोधला.

काटा सगळ्यांत वरच्या फळीवर होता, पुसलेला, नवा शिक्का दर्शनी बाजूला, वायर गुंडाळून दोऱ्याने बांधलेली. मालकीणबाईंनी पेन्सिलीने भिंतीवरची नवी पाटी दाखवली.

दुकानात फळं आता नगावर मिळत होती.